मुलांना ‘नाही’ म्हणता येईल असं संशोधन

एका वर्गात प्रश्नावली भरून झाल्यावर मी कागद गोळा करत होते. मागच्या बाकावरच्या मुलानं कागद देताना हळूच विचारलं, “ताई, किती बरोबर आले?” मी म्हटलं, यात बरोबर-चूक काही नसतं, मार्कही नाहीत. तो जरा थांबला आणि म्हणाला, “मग नसतं लिहिलं तरी चाललं असतं?”

सुरुवातीला मी त्यांना नेमकं हेच सांगितलं होतं. ‘भाग घेणं ऐच्छिक आहे’ हे वाक्य वाचून दाखवलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, पालकांच्या सह्या माझ्या पिशवीत होत्या. कागदोपत्री सगळं चोख होतं. पण आपल्याला नाही म्हणता येतं हे त्या मुलाला कळलं ते सगळं लिहून झाल्यावर.

तेव्हापासून मुलांबरोबरच्या कुठल्याही कामात मी प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एक प्रश्न विचारते: इथे मूल काय बदलू शकतं? विषय, प्रश्न, पद्धत, वेळ, जागा, निष्कर्ष यांतलं काहीच त्याच्या हातात नसेल, तर निदान ते हे सगळं थांबवू शकतं का? विद्यार्थी, शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते, ज्यांना म्हणून मुलांबरोबर संशोधन करायचं आहे त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणासाठी एक साधा विषय घेऊ: मधल्या सुट्टीत मुलं कुठे खेळतात, कुठे खेळत नाहीत आणि का.

पायरी 1: मुलं हवीत कशाला, हे आधी ठरवा

पहिला प्रश्न अगदी रोखठोक विचारायचा. हे मुलांशिवाय कळण्यासारखं आहे का? मैदानाचं क्षेत्रफळ, सुट्टीची वेळ, पडण्या-लागण्याच्या नोंदी यांसाठी मुलांना बसवून ठेवायची गरज नाही. आधी झालेल्या अभ्यासांतून उत्तर मिळत असेल तर तेच तेच पुन्हा विचारणं हा मुलांच्या वेळेचा अपव्यय आहे. काही मुलं तर संशोधकांच्या सोयीची म्हणून पुन्हा पुन्हा प्रश्नांना सामोरी जातात. निवासी संस्थांमधली, रुग्णालयातली, आपत्तीनंतरच्या छावण्यांमधली मुलं एका ठिकाणी एकत्र सापडतात, म्हणून त्यांच्याकडे रांग लागते. सोय हे कारण पुरेसं नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. मुलाच्या अनुभवाबद्दल फक्त शिक्षकांना आणि पालकांना विचारायचं आणि अहवालाला ‘मुलांचे अनुभव’ असं नाव द्यायचं. मैदानाच्या एका कोपऱ्यात धाकटी मुलं का फिरकत नाहीत, हे मोठ्यांना बहुधा ठाऊकच नसतं. 20 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या कलम 12 प्रमाणे मुलाला स्वतःशी संबंधित सर्व बाबतींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय आणि समज पाहून योग्य ते वजन द्यायचं आहे. हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. गप्प राहणं, तोंड फिरवणं, ‘मला नाही सांगायचं’ म्हणणं, हे सगळं त्याच हक्काचा भाग आहे. संशोधक हे सोयीस्करपणे विसरतात, कारण गप्प बसलेल्या मुलाचा तक्ता भरता येत नाही.

पायरी 2: सहभाग कुठल्या जातीचा, हे स्वतःशी कबूल करा

रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी मांडलेल्या शिडीवरून त्यांना ती सुचली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत: मुलांना आपल्या मतलबासाठी वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि तोंडदेखलं विचारणं. परिषदेत रंगीत कपड्यांत दोन मुलांना व्यासपीठावर बसवून त्यांच्याकडून आपणच लिहिलेली चार वाक्यं वदवून घेतली, तर ते या तीन पायऱ्यांच्या वर जात नाही, मग टाळ्या कितीही पडोत.

पण शिडीमुळे एक गैरसमजही होतो, की प्रत्येक प्रकल्प सर्वांत वरच्या पायरीवर पोचलाच पाहिजे. तसं काही नाही. मुलं नुसती माहिती देणारी असू शकतात, सल्लागार असू शकतात, सहसंशोधक असू शकतात किंवा सगळं कामच त्यांचं असू शकतं. यातली कुठलीही भूमिका प्रामाणिक असू शकते. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो मुलाखत घेऊन ‘सहसंशोधक’ असं छापण्यात.

मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते ती बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांची 2007 मधली मांडणी. नुसता आवाज पुरेसा नाही, असं त्या म्हणतात. मुलाला बोलायला सुरक्षित जागा हवी, बोलता येईल असं साधन हवं, ऐकणारा श्रोता हवा आणि ऐकलेल्याचा निर्णयावर काही परिणाम व्हायला हवा. कागदाचे चार भाग करा, ‘जागा’, ‘आवाज’, ‘श्रोता’ आणि ‘परिणाम’ हे चार शब्द लिहा आणि तुमच्या आराखड्यातून प्रत्येकाखाली काय पडतं ते भरा. ‘आवाज’ भरून वाहतो. ‘श्रोता’ आणि ‘परिणाम’ हे चौकोन बहुतेक वेळा कोरे राहतात. मैदानाबद्दल मुलांचं म्हणणं ऐकून घेणारा आणि मैदान बदलण्याचा अधिकार असलेला माणूस कोण, त्याला या कामाची कल्पना आहे का, तो ऐकायला येणार का, हे मुलांना भेटण्याआधी ठरलं पाहिजे.

पायरी 3: जोखीम, पैसा आणि वेळ कागदावर आणा

नैतिकता म्हणजे एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन तपासून त्याला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीच्या, अर्जाला शेवटी जोडायचं परिशिष्ट, असं समजलं की वरातीमागून घोडं निघतं. समितीची मान्यता आवश्यकच आहे. पण समिती तुमच्याबरोबर त्या खोलीत नसते.

आराखड्यातच लिहून ठेवायच्या गोष्टी अशा. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली आहे का? कुणीही एकट्यानं बंद दारामागे मुलाबरोबर बसणार नाही, याची व्यवस्था काय? आदर्श जागा अशी की बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये, पण दोघं दिसत राहावीत. काचेचं दार, मोकळा व्हरांडा, मैदानाची कड. मूल रडायला लागलं तर कोण काय करेल? त्या भागात समुपदेशक किंवा बालसंरक्षण यंत्रणा कोणती, तिचा संपर्क क्रमांक चालू आहे का, हे आधी स्वतः फोन लावून पाहा. कागदावरचे क्रमांक बंद असतात, हे ऐन वेळी कळणं परवडत नाही.

पैशाच्या रकान्यात नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे मुलांचा प्रवास, सोबत येणाऱ्या मोठ्या माणसाचा वेळ, सांकेतिक भाषेचा किंवा वेगळी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी दुभाषा आणि निष्कर्ष घेऊन मुलांकडे परत जाण्याचा खर्च. हा शेवटचा खर्च आधी धरला नाही तर तो कधीच होत नाही. वेळेचंही तसंच. मी आराखड्यात मुलांच्या भेटींसाठी जेवढे दिवस धरते, तेवढेच आणखी दिवस नुसत्या ओळखीसाठी ठेवते.

जमलं तर याच टप्प्यावर पाच-सहा मुलांचा सल्लागार गट करा. त्यांना प्रश्न दाखवा, माहितीपत्रक दाखवा, नाव सुचवायला सांगा. आमच्या एका प्रश्नावलीत ‘तुला कुठे सुरक्षित वाटतं?’ असा प्रश्न होता. सल्लागार गटातली एक मुलगी म्हणाली, “असं विचारलं की आम्ही सगळे ‘घरी’ लिहिणार. ‘कुठून जाताना तू पळत जातेस?’ असं विचारा.” आम्ही प्रश्न बदलला. सबंध अभ्यासातली सर्वांत उपयोगी माहिती त्या एका प्रश्नातून आली.

पायरी 4: दारावरची माणसं

मुलापर्यंत थेट जाता येत नाही. मध्ये मुख्याध्यापक, अधीक्षक, डॉक्टर, पालक असे दारावर उभे असतात आणि ते असायलाच हवेत. पण त्यांच्या परवानगीमुळे दोन गोंधळ होतात.

पहिला गोंधळ निवडीचा. शाळेला ‘दहा मुलं द्या’ म्हटलं की चटपटीत बोलणारी, हात वर करणारी दहा मुलं मिळतात. मैदानाच्या कडेला एकटं बसणारं मूल त्यात नसतं. निवडीचे निकष तुम्ही ठरवा, लेखी द्या, आणि शक्य असेल तर चिठ्ठ्या टाकून निवड करा. अपंगत्व असलेली, वेगळी भाषा बोलणारी, वारंवार गैरहजर राहणारी मुलं कशी येतील याचा वेगळा विचार करा. ती ‘आपोआप’ कधीच येत नाहीत.

दुसरा गोंधळ दबावाचा. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या संस्थेत 1950 च्या दशकाच्या मध्यापासून पुढे कित्येक वर्षं बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून आजाराचा अभ्यास केला गेला. पालकांच्या सह्या होत्या. पण संस्थेत गर्दी झाल्यामुळे इतर प्रवेश बंद होते, आणि प्रयोगाच्या विभागात मात्र जागा मिळत होती. ज्या आईबापांपुढे दुसरी वाटच नव्हती, त्यांच्या सहीला संमती म्हणायचं का? आपलं काम इतकं भयंकर नसतं हे खरं, पण प्रश्न तोच राहतो. ‘नाही म्हटलं तर मुलाला काही तोटा होईल का’ ही शंका पालकांच्या मनात असेपर्यंत सही हा फक्त कागद आहे. म्हणून शिक्षकांनी किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः संमतीपत्र वाटू नये. ते काम तिऱ्हाइतानं करावं, आणि कोण हो म्हणालं, कोण नाही, याची यादी शाळेला देऊ नये.

पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर ते नाहीच. मूल हो म्हणालं आणि पालक नाही म्हणाले, तर बहुतेक ठिकाणी कायद्यानं तेही नाहीच. अपवाद असतात, पालकांपासूनच मुलाला धोका असेल तिथे त्यांची सही मागणं घातक ठरू शकतं. असे निर्णय एकट्यानं घेऊ नयेत, समितीबरोबर आणि त्या देशाचा कायदा पाहून घ्यावेत.

पायरी 5: होकार घेणं म्हणजे ‘नाही’ शिकवणं

कायदा ज्याला संमती म्हणतो ती बहुतेक ठिकाणी सज्ञान व्यक्तीच देऊ शकते; मुलाकडून घ्यायचा तो होकार. तो साधारण सातव्या वर्षापासून वेगळा घ्यावा, असं बऱ्याच नियमावल्या सांगतात. पण वयाची रेषा हा फक्त ढोबळ आधार. लोइस वाइथॉर्न आणि सुझन कॅम्पबेल यांनी 1982 मध्ये 9, 14, 18 आणि 21 वर्षांच्या व्यक्तींसमोर उपचारांबद्दलचे काल्पनिक पेच ठेवले. 14 वर्षांच्या मुलांची निर्णयक्षमता सर्वसाधारणपणे मोठ्यांच्या बरोबरीची निघाली. 9 वर्षांची मुलं कारणमीमांसेत कमी पडली, तरी त्यांनी निवडलेले पर्याय मोठ्यांसारखेच समंजस होते. थोडक्यात, ‘त्याला काय कळतंय’ हे वाक्य मनातल्या मनातही म्हणू नये.

माहितीपत्रक एका पानाचं, मोठ्या अक्षरांत आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांत किंवा तोंडी. नमनाला घडाभर तेल नको. मी साधारण असं लिहिते:

“माझं नाव अमुक. मधल्या सुट्टीत मुलं कुठे खेळतात आणि कुठे खेळत नाहीत, हे मला समजून घ्यायचं आहे. त्यासाठी मी तुझ्याबरोबर एकदा मैदानात फिरेन आणि आपण अर्धा तास बोलू. ही परीक्षा नाही. तुला नको असेल तर नाही म्हण. कुणी रागावणार नाही आणि तुझं काही कमी होणार नाही. मधेच कंटाळा आला तर थांबता येईल, कारण सांगायची गरज नाही. तू जे सांगशील ते मी तुझ्या नावानं कुणाला सांगणार नाही. पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होत असेल, तर मदतीसाठी मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल. त्याआधी मी तुझ्याशी बोलेन.”

मैदान सुधारेल असं यात कुठेही लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. जे आपल्या हातात नाही त्याचं आश्वासन देणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे.

वाचून झाल्यावर ‘कळलं का?’ असं विचारू नका. कळलं का म्हटलं की मुलं हो म्हणतात. त्याऐवजी, ‘आता तुझ्या मैत्रिणीनं विचारलं की या ताई कशाला आल्यात, तर काय सांगशील?’ असं विचारा. उत्तरात जे सुटलं असेल ते पुन्हा सांगा.

मग सराव. हा भाग मी कधीच गाळत नाही. ‘आता मी एक आगाऊ प्रश्न विचारते, तू मला नकार दे’, असं म्हणून दोन-तीनदा खरोखर नकार द्यायला लावते. कुणी लाल कार्ड दाखवतं, कुणी हात वर करतं, कुणी रेकॉर्डरचं बटण स्वतः बंद करतं. बटण मुलाच्या हातात देणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. सुरुवातीला मुलं गंमत म्हणून चार वेळा बंद करतात. करू द्या. पाचव्यांदा बंद केलं, तर त्यामागे बहुधा कारण असतं.

होकार एकदा घेऊन फाइलला लावायची वस्तू नव्हे; प्रत्येक भेटीत तो नव्यानं विचारायचा. लहान मुलं तोंडानं नाही म्हणत नाहीत, अंगानं म्हणतात. उत्तरं तुटक होतात, नजर दाराकडे जाते, एकाएकी शू लागते, खुर्ची मागे सरकते. न बोलणाऱ्या किंवा अगदी लहान मुलाचा नकार कसा दिसतो हे त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाकडून आधी समजून घ्या. नकार आला की मनधरणी करायची नाही. ‘बरं, पुन्हा कधी वाटलं तर’ एवढंच. वर्गात उरलेली मुलं प्रश्नावली भरत असताना नकार दिलेल्या मुलानं काय करायचं, तेही ठरवून ठेवा. त्याला भिंतीकडे बघत बसावं लागत असेल, तर नकाराची शिक्षाच झाली.

पायरी 6: विचारावं कसं

मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी 1980 मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले. दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? जवळजवळ सगळ्या मुलांनी उत्तरं दिली, काहींनी तर कारणंही दिली. मोठा माणूस विचारतोय म्हणजे प्रश्नाला अर्थ असणारच, असं ती धरून चालली. पुढच्या अभ्यासांत दिसलं की हो-नाही छापाच्या निरर्थक प्रश्नांना मुलं उत्तर देऊन टाकतात. पण प्रश्न मोकळा असेल तर बरीच मुलं ‘मला कळला नाही’ असं सांगतात. तुमच्या प्रश्नावलीतले सगळे हो-नाही प्रश्न या नजरेनं पुन्हा वाचा. त्यांतली किती उत्तरं ‘दूध मोठं असतं’ या जातीची असतील?

दुसरी खोड म्हणजे खात्री करायला तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात (वस्तूंची मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते का, हे मुलांना मांडणीआधी आणि नंतर असं दोनदा विचारतात) एक साधा बदल केला: दोनदा विचारायचा प्रश्न एकदाच विचारला. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे पहिलं उत्तर चुकलं, हा शाळेत शिकलेला धडा मुलं लगेच लागू करतात. खात्रीच करायची असेल तर तसं उघड सांगा: ‘तुझं बरोबरच आहे, मलाच नीट ऐकू आलं नाही.’

म्हणून सुरुवातीलाच चार नियम सांगायचे. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. प्रश्न कळला नाही तर तसं सांगायचं. मी चुकीचं बोलले तर मला दुरुस्त करायचं. सांगायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं. तिसऱ्या नियमाचा सराव म्हणून मी मुद्दाम चुकते: पाचवीतल्या मुलीला ‘तू तिसरीत ना?’ म्हणते. तिनं दुरुस्त केलं की निम्मं काम झालं.

बसायचं कसं? समोरासमोर, टेबलामागे नाही. ती मुख्याध्यापकांची बैठक झाली. शेजारी बसा, तिरके बसा, किंवा बसूच नका. आमच्या विषयाला सर्वांत योग्य पद्धत चालण्याची. मूल पुढे, आपण मागे. ते मैदान दाखवतं, थांबतं, सांगतं. ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी 2001 मध्ये मांडलेल्या मोझॅइक पद्धतीत शाळेच्याही आधीच्या वयाची मुलं अशीच फेरी काढतात, फोटो काढतात, नकाशा करतात, आणि हे सगळे तुकडे जुळवून मुलांबरोबरच अर्थ लावला जातो. एका साधनानं जे निसटतं ते दुसऱ्यात सापडतं.

चित्रांबद्दल एक इशारा. काळा रंग वापरला म्हणजे दुःख, हात काढले नाहीत म्हणजे भीती, असले अर्थ काढू नका. कदाचित डब्यात तेवढाच खडू उरला असेल. चित्र काढताना मूल काय बोलतं ते टिपा आणि शेवटी ‘याच्याबद्दल सांगशील?’ एवढंच विचारा. ‘हे काय आहे?’ म्हटलं की चित्र ओळखू येत नाही, असा सूर लागतो. मूळ चित्र मुलाचं आहे. आपण प्रत घ्यावी, तीही विचारून.

कॅमेरा मुलांच्या हाती देणार असाल तर आणखी तयारी लागते. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी 1990 च्या दशकात चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांबरोबर काम करताना फोटोव्हॉइस ही पद्धत घडवली, म्हणजे लोकांनी स्वतः फोटो काढायचे आणि त्यांवरून बोलायचं, आणि ती मुलांबरोबरही खूप वापरली जाते. अडचण अशी की फोटोत ज्यांचे चेहरे येतात त्यांनी होकार दिलेला नसतो. मुलांना आधी चेहरा न दाखवता फोटो कसा काढायचा ते शिकवा: सावली, पाय, रिकामी जागा, वस्तू. फोनवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद लपलेली असू शकते, ती आधी बंद करा.

गटचर्चा चार ते सहा मुलांची, साधारण एका वयाची. एकमेकांची खोडी काढणारी जोडी एकाच गटात आली की तिसरं मूल बोलत नाही. खासगी विषय गटात कधीच नको. गटात बोललेलं बाहेर जाणार नाही याची हमी तुम्ही देऊच शकत नाही.

पायरी 7: गुपित कुठवर ठेवायचं

हा सर्वांत अवघड भाग आहे. मुलाखतीत मूल अचानक सांगतं की त्याला कुणीतरी मारतं, किंवा त्याहून वाईट काही. अशा वेळी संशोधन तिथेच संपतं. चेहरा शांत ठेवा, ऐका, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. खोदून विचारू नका. तपास करणं तुमचं काम नाही, आणि चुकीच्या प्रश्नांनी पुढच्या तपासाचं नुकसान होतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. आता पुढे काय करावं लागेल, कुणाला सांगावं लागेल, ते मुलाला समजेल असं सांगा आणि कुणाला सांगितलं तर त्याला बरं वाटेल, हे विचारा. कळवणं तुमच्या देशात कायद्यानं बंधनकारक आहे का, कुणाकडे आणि किती वेळात, हे पायरी 3 मध्येच लिहिलेलं असलं पाहिजे. जे ऐकलं ते मुलाच्याच शब्दांत लगेच लिहून ठेवा. आणि त्या रात्री स्वतःही कुणाशी तरी, अर्थात ओळख न देता, बोला. हा सल्ला मी फार उशिरा पाळायला शिकले.

एरवीच्या गुप्ततेबद्दल थोडक्यात. नावांची यादी आणि मुलाखती वेगवेगळ्या ठिकाणी, दोन्ही एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या. रेकॉर्डिंग उतरवून झालं की ठरल्या तारखेला पुसायचं. मुलांचे फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर ‘नुसते बघायला’ टाकायचे नाहीत. टोपणनाव मुलालाच निवडू द्या. मात्र मित्र त्याला ज्या नावानं हाक मारतात तेच ते निवडतं, म्हणून तेवढं विचारून घ्या. शाळेत चाकाच्या खुर्चीतली एकच मुलगी असेल, तर नाव बदलून काही लपत नाही. तिथे तपशीलच बदलावा लागतो किंवा गाळावा लागतो. काही मुलांना मात्र आपलं खरं नाव हवंच असतं. त्यांच्या कामाचं श्रेय आपण संरक्षणाच्या नावाखाली गिळत नाही ना, हेही बघायचं.

पायरी 8: मोबदला

प्रवासखर्च द्यावाच. दिलेल्या वेळाबद्दल आभाराची छोटी वस्तूही द्यावी. पण तिच्यासाठी मूल मनाविरुद्ध हो म्हणेल इतकी ती मोठी नसावी, आणि मधेच थांबलेल्या मुलालाही ती पूर्ण मिळावी. सहसंशोधक म्हणून काम करणाऱ्या मुलांचं काम मोठं असतं. त्यांना काय द्यायचं ते त्यांना आणि पालकांना विचारून, बालकामगार कायद्याच्या चौकटीत ठरवा.

पायरी 9: मुलं स्वतः संशोधक असतील तर

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन या गावच्या प्राथमिक शाळेतल्या 8 ते 10 वयाच्या 25 मुलांनी भुंगेमाश्यांवर (बम्बलबी) प्रयोग केले. फुलांचे रंग आणि त्यांची मांडणी या दोन्हींची सांगड घालून माश्या फूल निवडायला शिकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. डिसेंबर 2010 मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकानं तो शोधनिबंध मुलांच्याच भाषेत, रंगीत पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्यांसह आणि संदर्भसूचीशिवाय छापला. शास्त्रज्ञ बो लोटो आणि मुख्याध्यापक डेव्ह स्ट्रडविक त्यांच्याबरोबर होते, पण माश्यांना कोणतं कोडं घालायचं हे मुलांनी ठरवलं होतं.

हे उदाहरण सांगितलं की सगळ्यांना उत्साह येतो. मग दोन तासांची कार्यशाळा घेऊन मुलांच्या हाती प्रश्नावली दिली जाते. त्यानं ती फुकटची सर्वेक्षक होतात, संशोधक नव्हे. प्रश्न कसा निवडायचा, पुरावा कशाला म्हणायचं, होकार कसा घ्यायचा, नोंद कशी ठेवायची यासाठी काही आठवडे द्यावे लागतात. प्रश्न त्यांचा असला पाहिजे. आणि मुलांनी मुलांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर दोन गोष्टी सांभाळा. मित्राचं गुपित ऐकण्याचं ओझं त्यांच्यावर पडू नये, म्हणून विषय सौम्य ठेवा आणि मोठं माणूस जवळपास राहू द्या. आणि मुला-मुलांत सत्ता नसते असं समजू नका. सातवीतल्या मुलानं चौथीतल्याला विचारलं, तर तो प्रश्न नसतो, हुकूम असतो.

पायरी 10: अर्थ लावणं आणि परत जाणं

मुलाखतींतली वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, नावं काढा, आणि सल्लागार गटापुढे जमिनीवर पसरा. ‘कुठली एकत्र ठेवाल? कुठलं वाक्य खरं वाटत नाही? काय कुणीच बोललं नाही?’ तिसरा प्रश्न विसरू नका. एकदा आम्ही ‘भांडणं’ असा ढीग केला होता. मुलांनी तो मोडून दोन केले: खेळातली भांडणं आणि खरी भांडणं. आमचं निम्मं विश्लेषण त्या दुपारी बदललं. जिथे मुलांचा अर्थ आणि आपला अर्थ जुळत नाही, तिथे अहवालात दोन्ही छापा.

माहिती मागे घेण्याची शेवटची तारीख मुलांना आधी सांगून ठेवा आणि त्याआधी आठवणही करून द्या. मग निष्कर्ष घेऊन परत जा: एक पान, एक भित्तिपत्रक, पाच मिनिटांची ध्वनिफीत, मुलांना रुचेल ते. वर्ष सरलं की वर्ग बदलतो, म्हणून दोन-तीन महिन्यांत जा. पूर्ण अहवाल तयार नसला तरी चालेल. तुम्ही काय सांगितलंत, आम्ही ते कुणापुढे ठेवलं, काय मान्य झालं, काय नाही झालं आणि का नाही, हे चारही सांगायचं. जो निर्णय घेणारा माणूस पायरी 2 मध्ये ठरला होता तो त्या दिवशी हजर असेल तर उत्तमच.

एका शाळेत मी असंच पान घेऊन गेले, तेव्हा एका मुलीनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “मी झाडामागच्या जागेचं सांगितलं होतं, ते कुठंय?” ते आम्ही गाळलं होतं, कारण ते एकाच मुलीनं सांगितलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “तिथे मी एकटीच जाते, मग दुसरं कोण सांगणार?” पुढच्या आवृत्तीत झाडामागची जागा आहे.